केबल मोडेम घरात नेमका कोठे जोडावा?

इंटरनेटची जोडणी घ्यायची ठरली की आपण वेग विचारतो, महिन्याचा दर विचारतो, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर किती सवलत मिळेल हेही विचारतो. मोडेम घरात कोठे बसणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो निर्णय तार घेऊन आलेला मुलगा दोन मिनिटांत घेतो. टीव्हीच्या मागे एक प्लग रिकामा असतो, केबल तिथवर आलेलीच असते. तेथेच एक डबी जोडली जाते, मोडेम शोकेसमध्ये ठेवला जातो आणि काम संपते. पुढची चार-पाच वर्षे घरातले लोक 'नेट अडकते' म्हणून तक्रार करीत राहतात. तक्रार कंपनीच्या नावाने असते. दोष पुष्कळदा खांबापासून मोडेमपर्यंतच्या शेवटच्या पन्नास-साठ फुटांत असतो.

लातूर आणि नांदेड या शहरांत हा प्रश्न केवळ सिनेमा अडकण्यापुरता उरलेला नाही. दोन्ही शहरांत बाहेरगावची मुले शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहतात. सराव परीक्षा संगणकावर होतात, प्रवेशाचे अर्ज आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम संगणकावर भरावे लागतात, आणि ते शेवटच्या संध्याकाळीच भरले जातात, हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. एका घरात खाली मालक, वर दोन-तीन खोल्यांत सहा-सात विद्यार्थी आणि सर्वांना मिळून एकच केबल, अशी रचना तेथे नवलाची नाही. अशा घरात मोडेम चुकीच्या जागी असेल तर त्याची किंमत एखाद्या मुलाचा पसंतीक्रम न भरला जाण्याइतकी असू शकते. म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

आधी तार ओळखावी

'केबलचे इंटरनेट' या एका नावाखाली मराठवाड्यात तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या गेल्या आहेत. तीन्हींसाठी उत्तर वेगळे असल्यामुळे आपल्या घरात काय आले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

गोल, काळी किंवा पांढरी, करंगळीपेक्षा थोडी बारीक, मध्ये एकच जाड तार आणि तिच्याभोवती पांढरा थर व जाळी, अशी केबल असेल तर ती कोअॅक्सियल. टीव्हीचे कार्यक्रम आणणारी हीच. खरा केबल मोडेम हिला जोडला जातो. दुसरी निळी किंवा करडी, आत रंगीत आठ बारीक तारा असलेली. ती संगणकजोडणीची तार, लॅन केबल. तिसरी चपटी, काळी, आत केसासारखा काचेचा धागा असलेली. ती ऑप्टिकल फायबर. फायबरच्या टोकाला बहुधा हिरवी चौकोनी पिन असते.

हा घोळ का झाला, याला इतिहास आहे. आपल्याकडील केबलचे जाळे टीव्हीसाठी उभे राहिले. एका गच्चीवर मोठी तबकडी, खाली खोलीत यंत्रे, तेथून खांबाखांबांवरून आणि गच्च्यागच्च्यांवरून फांद्यांसारखी पसरलेली केबल आणि दर काही अंतरावर संकेत वाढविणारा अॅम्प्लिफायर. हे जाळे एकमार्गी होते. कार्यक्रम केबलवाल्याकडून घराकडे येत. घराकडून केबलवाल्याकडे काहीच जात नसे. फक्त महिन्याचे पैसे जात, तेही हातोहात. इंटरनेटला मात्र परतीचा रस्ता लागतो. अमेरिकेत केबल मोडेमसाठी 'डॉक्सिस' हे सामाईक मानक १९९७ मध्ये तयार झाले. भारतात १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारे उघडली आणि मोठ्या शहरांतल्या काही केबल कंपन्यांनी आपले जाळे दुमार्गी करून मोडेम द्यायला प्रारंभ केला. जाळे दुमार्गी करणे म्हणजे वाटेतला प्रत्येक अॅम्प्लिफायर बदलणे. छोट्या केबलचालकाला ते परवडणारे नव्हते. त्याने सोपा मार्ग काढला: टीव्हीच्या केबलशेजारून गच्च्यांवरूनच लॅनची तार ओढली, मध्ये मध्ये डब्यांत स्विच ठेवले आणि इंटरनेट दिले. म्हणजे माणूस केबलचा, तार मात्र केबलची नव्हे.

सरकारच्या २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ झाली. आजच्या मोबाइलधारकाला हे आकडे वाचून हसू येईल. पण त्या वेगाला जुन्या जोडण्या, पिळून मारलेले जॉइंट, सगळे खपून जात होते. टीव्हीचे डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झाले. मुंबई-दिल्लीसारखी महानगरे २०१२ मध्ये, पुणे, नागपूर, औरंगाबाद यांसारखी शहरे २०१३ मध्ये आणि नांदेड-लातूरसह उरलेली नागरी क्षेत्रे ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत असलेल्या तिसऱ्या टप्प्यात आली. पुढे फायबर स्वस्त झाले, २०१९ मध्ये मोठ्या कंपन्या त्यात जोराने उतरल्या आणि आता नवी जोडणी घेणाऱ्याला बहुधा फायबरच मिळते. तरीही घराच्या भिंतीत, खिडकीच्या चौकटीवर आणि माळ्यावर जुनी कोअॅक्सियल केबल ठाण मांडून बसलेली आहे. तिच्यावर मोडेम चालविणाऱ्यांना पुढील मजकूर थेट उपयोगी पडेल. फायबरवाल्यांनाही तो निरुपयोगी नाही, ते का हे शेवटी येईल.

पहिल्या फाट्यावर मोडेम

नियम एका वाक्यात सांगता येतो. केबल घरात जेथे शिरते तेथे पहिला दोन तोंडांचा स्प्लिटर बसवावा. त्याच्या एका तोंडातून निघणारी केबल मध्ये कोठेही न तोडता सरळ मोडेमला न्यावी. घरातील सर्व टीव्ही, कितीही असोत, दुसऱ्या तोंडावर टाकावेत.

आता कारण. स्प्लिटर ही काही जादूची डबी नाही. नळाला दोन फाटे फोडले की प्रत्येकाला निम्मे पाणी मिळते, तसेच येथे होते. संकेताची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे ताकद निम्मी, दहा डेसिबल घट म्हणजे एक दशांश. दोन तोंडांच्या स्प्लिटरमधून जाताना साधारण साडेतीन डेसिबल जातात. त्यात निम्म्याची वाटणी आली आणि डबीची स्वतःची थोडी दलालीही आली. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडाला सुमारे सात डेसिबल घट येते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मूळच्या पाचवा हिस्सा. तीन तोंडांचा स्प्लिटर पुष्कळदा विषम असतो: एका तोंडावर साडेतीनची घट, उरलेल्या दोहोंवर सात-सातची. हे आकडे डबीवर प्रत्येक तोंडाशी छापलेले असतात. अशी डबी आधीच बसलेली असेल तर मोडेमला साडेतीनचे तोंड द्यावे. टीव्हीला सातही चालतात.

एक उदाहरण घेऊ. खिडकीतून आत आलेल्या केबलवर संकेताची पातळी अधिक ६ आहे असे धरा. पहिल्या स्प्लिटरनंतर ती अधिक २.५ होते आणि मोडेम आनंदात राहतो. उणे ७ ते अधिक ७ हा त्याच्या दृष्टीने सुखाचा पट्टा. आता नेहमीचे घर पाहा. दारावरच्या दोनतोंडी स्प्लिटरमधून एक वायर वरच्या मजल्याला जाते, तेथे भाडेकरूंसाठी चारतोंडी डबी आहे, त्यातील एका खोलीत टीव्हीसाठी आणखी एक दोनतोंडी. साडेतीन, सात आणि पुन्हा साडेतीन मिळून चौदा डेसिबल गेले. पंधरा मीटर केबलमध्ये वरच्या वारंवारतेला आणखी तीनेक डेसिबल जातात. अधिक ६ चे उणे ११ झाले. मोडेम सुरू होतो, दिवे लागतात, संकेतस्थळही उघडते. मग दुपारी उन्हाने बाहेरची केबल तापली की तिच्यातली घट किंचित वाढते आणि जोडणी अडखळू लागते. संध्याकाळी तक्रार पाहायला माणूस येतो तेव्हा सगळे सुरळीत चालू असते!

परतीच्या वाटेवर याहून वाईट घडते, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसते. मोडेमने केबलवाल्याकडे पाठविलेला संकेतही त्याच डब्यांतून उलटा जातो आणि तितकाच क्षीण होतो. पलीकडचे यंत्र मोडेमला सांगते की ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. मोडेम आवाज चढवितो. थेट जोडणीवर ४२ पातळीवर निभावणारा मोडेम एका स्प्लिटरमागे ४५.५ वर बोलेल. चौदा डेसिबलच्या साखळीमागे त्याला ५६ लागतील. त्याची मर्यादा सुमारे ५० ते ५७ च्या आसपास संपते. एकाच वेळी किती वाहिन्यांवर बोलतो यावर ती ठरते. मर्यादेला टेकलेला मोडेम मध्येच गप्प होतो आणि पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेऊ लागतो. पाहणाऱ्याला फक्त इतके दिसते की व्हिडिओ ठीक चालतो, पण अर्जासोबतचे छायाचित्र चढत नाही, किंवा ऑनलाइन तासाला सरांचा आवाज येतो आणि आपला जात नाही. उतरता वेग चांगला आणि चढता वेग रडका, अशी लक्षणे दिसली की स्प्लिटर मोजायला लागावे.

स्प्लिटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. डबीवर वारंवारतेचा पट्टा लिहिलेला असतो. मोडेमसाठी ५ ते १००० मेगाहर्ट्झ असे हवे, कारण परतीची वाट ५ पासून ४२ किंवा ६५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या तळाच्या पट्ट्यात असते. केवळ टीव्हीसाठी बनलेल्या स्वस्त डब्या ४० च्या पुढेच नीट काम करतात. ज्या डबीवर ९५० ते २१५० असे लिहिले आहे ती छत्रीवाल्या डीटीएचची. ती येथे अजिबात चालणार नाही. डीटीएच सोडून केबलकडे परत आलेल्या घरांत तीच डबी 'आहे ना, मग लावा' म्हणून लावलेली आढळते. डीटीएचची केबल मात्र चांगल्या प्रतीची, आरजी ६ असेल, तर ती वापरायला हरकत नाही. फक्त दोन्ही टोके तपासावीत आणि ती छत्रीला जोडलेली राहू देऊ नये, कारण डीटीएचचा बॉक्स त्या तारेतून छत्रीकडे वीज पाठवितो.

स्प्लिटरचे रिकामे तोंड तसेच उघडे ठेवू नये. तेथून संकेत परतून मागे येतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. त्यावर पंचाहत्तर ओहमची टोपी बसविता येते. ती किरकोळ किमतीत मिळते. न मिळाल्यास जितकी तोंडे लागतात तितक्याच तोंडांची डबी घ्यावी, हे अधिक सरळ.

'बूस्टर लावून देतो'

चित्र खराब आले की केबलवाला बूस्टर लावी, ही सवय अनेक घरांच्या अंगवळणी पडलेली आहे. मोडेमच्या वाटेत बूस्टर नको. एकमार्गी बूस्टर परतीचा संकेत अडवितो, म्हणजे मोडेम आंधळा नव्हे पण मुका होतो. दुमार्गी बूस्टर मिळतो, पण तो संकेताबरोबर गोंगाटही वाढवितो. बूस्टर टीव्हीसाठी हवाच असेल तर तो पहिल्या स्प्लिटरच्या टीव्हीकडील तोंडानंतर बसवावा. मोडेमची तार त्याच्या अलीकडेच वेगळी झालेली असली पाहिजे.

गोंगाटाबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण त्यात शेजाऱ्यांचाही संबंध येतो. परतीच्या वाटेवर एका गल्लीतील सर्व घरांचे संकेत एकाच केबलवर गोळा होतात आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक घरातला गोंगाटही गोळा होतो. नाल्यांचे पाणी एका ओढ्यात यावे तसे. एका घरात केबल पिळून, वर काळी पट्टी गुंडाळून मारलेला जॉइंट असेल, तर तो जॉइंट छोट्या अँटेनासारखे काम करतो. कूलरची मोटार, बोअरचा स्टार्टर, मिक्सरची ठिणगी, जे आसपास असेल ते तो पकडतो आणि गल्लीभर पसरवितो. म्हणजे आपले इंटरनेट शेजारच्या कूलरमुळे अडखळते, हे म्हणणे वाटते तितके हास्यास्पद नाही. केबल जोडायची तर दोन्ही टोकांना नीट दाबून बसविलेल्या पिना आणि मध्ये जोडनळी, याशिवाय दुसरा मार्ग मान्य करू नये. पिळलेला जॉइंट दिसला तर जोडणी देणाऱ्यासमोरच तो तोडायला लावावा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्यावे.

मोडेम हलवू नका, राउटर हलवा

येथे वाचक विचारील की केबल ज्या खिडकीतून शिरते ती स्वयंपाकघराजवळ आहे आणि मुलाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. मग मोडेम तेथे ठेवून काय उपयोग? हा प्रश्न दोन यंत्रांच्या गोंधळातून येतो. मोडेमचे काम केबलवरील संकेताचे संगणकाच्या भाषेत रूपांतर करणे. वाय-फाय पसरविण्याचे काम राउटरचे. पुष्कळदा दोन्ही एकाच पेटीत येतात, म्हणून ते एकच वाटतात. मोडेमला केबलजवळची जागा प्रिय, राउटरला माणसांजवळची. दोघांची भांडणे मिटविण्याचा उपाय म्हणजे दोघांना वेगळे करणे आणि मध्ये लॅनची तार ओढणे. कोअॅक्सियल केबल लांबविली, फाटे फोडले, तर प्रत्येक पायरीवर संकेत क्षीण होतो. लॅनची तार शंभर मीटरपर्यंत काहीही न गमावता माहिती पोचविते. घरात शंभर मीटर लागत नाहीत. म्हणून कोअॅक्सियल आखूड ठेवावी आणि लॅन लांब करावी. माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी एकच सूचना निवडायची तर ती ही.

मराठवाड्यातील घरांच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. जुन्या गावठाणातील वाड्यांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगडमातीच्या, वर माळवद. अशी एक भिंत ओलांडताना वाय-फायचा दम निघतो, दुसरी ओलांडवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली ती बव्हंशी अशाच जड भिंतींखाली. त्यानंतर या भागातील घरबांधणी बदलली, काँक्रीट आले. वाय-फायला काँक्रीट आणि त्यातील लोखंडी गजही फारसे मानवत नाहीत, पण अर्ध्या फुटाची वीटभिंत निभते. सारांश एवढाच की वाड्यात एकाच राउटरकडून सर्व घराची अपेक्षा करू नये. प्रत्येक जाड भिंतीपलीकडे तारेने जोडलेले एक उपकरण ठेवावे. दुप्पट किमतीचा, सहा शिंगांचा राउटर घेऊन ती भिंत फुटत नाही.

राउटरची जागा उंचावर, उघड्यावर आणि वापराच्या मध्यावर असावी. लोखंडी कपाटाच्या वर किंवा मागे नको, आरशामागे नको, फ्रीजवर नको, टीव्हीच्या मागे तर नकोच. मायक्रोवेव्हची भट्टी आणि वाय-फायचा जुना पट्टा हे दोघेही २.४ गिगाहर्ट्झला काम करतात, त्यामुळे भट्टी सुरू असेपर्यंत शेजारचा राउटर चाचपडतो. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींना लवकर हार मानतो. एकाच खोलीत तो वापरावा, दूरच्या खोलीत २.४ बरा.

वर भाडेकरू विद्यार्थी असतील तर कोअॅक्सियलला फाटे फोडून प्रत्येकाला 'एक एक मोडेम' देण्यापेक्षा खाली एक मोडेम, तेथून लॅनची तार वर आणि वरच्या मजल्यावर एक स्विच व एक राउटर, ही रचना कितीतरी सरळ आहे. ज्या मुलाला संगणकावर परीक्षा द्यायची आहे त्याला त्या तीन तासांसाठी तारेने जोडून द्यावे. वाय-फायचे भांडण तेवढ्यापुरते मिटते.

खिडकी, कूलर आणि वीज

आता केबल घरात शिरते ती जागा. पुष्कळ घरांत ती खिडकी असते आणि त्याच खिडकीत एप्रिल ते जून कूलर बसतो. कूलरचे पाणी केबलवरून ओघळत पिनेपर्यंत येते, पिनेत गंज चढतो आणि जूनमध्ये तक्रार सुरू होते. कूलर तोपर्यंत काढून ठेवलेला असतो, त्यामुळे खरे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. केबल आत घेण्यापूर्वी बाहेरच्या बाजूला तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळातून टपकून जाईल. शक्य असेल तर खिडकीऐवजी भिंतीला बाहेरच्या बाजूला खाली उतरते छिद्र पाडून केबल घ्यावी.

पत्र्याखालच्या माळ्यावर मोडेम ठेवू नये. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असते तेव्हा पत्र्याखाली काय असेल हे सांगायला नको. मोडेम स्वतःही उष्णता टाकतो. त्याच्या चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. क्रोशाचा रुमाल त्याच्यावर घालू नये, कितीही सुंदर असला तरी.

सर्वांत गंभीर बाब विजेची, म्हणजे आकाशातल्या विजेची. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा पडतात आणि दरवर्षी माणसे व जनावरे दगावल्याच्या बातम्या येतात. गच्च्यांवरून आणि खांबांवरून आलेली कोअॅक्सियल केबल म्हणजे आकाशाखालून थेट आपल्या बैठकीच्या खोलीत आणलेला धातू. वीज जवळपास कोसळली तरी त्या केबलमध्ये उच्च दाबाचा झटका निर्माण होतो. केबल घरात शिरते त्या जागी तिच्या बाहेरच्या जाळीला घराच्या अर्थिंगशी जोडणारा जोड बसवावा, आणि ते अर्थिंग घरातल्या वीजजोडणीचेच असावे; केबलसाठी वेगळा खिळा जमिनीत ठोकला तर दोन अर्थिंगमध्येच दाबाचा फरक पडून यंत्र जळते. हे काम वीजतंत्र्याकडून करून घ्यावे. केबलवाल्याकडून होत नाही, तो सहसा करीतही नाही. म्हणूनही मोडेमची आणि पहिल्या स्प्लिटरची जागा मीटरबोर्डाच्या आसपास, केबलच्या प्रवेशाशी असणे सोयीचे: अर्थिंगची तार आखूड राहते.

आभाळ भरून आले की मोडेमचा प्लग आणि केबलची पिन दोन्ही काढावीत. नुसता प्लग काढून भागत नाही, कारण झटका केबलनेही येतो. मात्र गडगडाट डोक्यावर आल्यानंतर तार हातात धरू नये. ते आधी करायचे काम आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप विजेची पूर्वसूचना देते, त्याचा उपयोग करावा.

महावितरणची वीज गेली तर काय, हाही प्रश्न लागूनच येतो. बहुतेक मोडेम बारा व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा बॅटरीचा डबा मिळतो. घराच्या इन्व्हर्टरवर मोडेमचा प्लग घेणेही सोपे. पण कोअॅक्सियलच्या जाळ्यात गल्लीतला अॅम्प्लिफायर कोणाच्या तरी दुकानातील किंवा घरातील विजेवर चालत असतो. तेथे वीज नसेल तर आपला इन्व्हर्टर कितीही मोठा असो, मोडेमचा दिवा मिचकावत राहतो. जोडणी घेताना 'वाटेतल्या यंत्रांना बॅटरी आहे का' असे विचारावे. लॅनच्या तारेने दिलेल्या जोडणीतही गच्चीवरच्या स्विचचा हाच प्रश्न असतो. फायबरची गोष्ट निराळी. खांबावरच्या फायबरच्या डबीला वीज लागतच नाही. केबलचालकाच्या केंद्रात वीज आणि आपल्या घरी बॅटरी असली की मधल्या गल्लीत अंधार असूनही इंटरनेट चालते. वीज जाणाऱ्या शहरांत फायबरकडे वळण्याचे हे एक भक्कम कारण आहे, आणि जाहिरातींत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

फायबर आले असेल तर

फायबरच्या टोकाशी असते त्या यंत्रालाही लोक मोडेमच म्हणतात. तेथे प्रकाश येतो, पण तत्त्व तेच. वाटेत प्रकाशाचे फाटे फोडले की दोन भागांना तेच साडेतीन डेसिबल जातात. हे फाटे खांबावर असतात, घरात फोडू नयेत. यंत्राच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. उणे १५ ते उणे २५ असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे साध्या यंत्राला तो दिसेनासा होतो आणि तांबडा दिवा लागतो. फायबरला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दाराच्या चौकटीवर काटकोनात वळवून मारलेला खिळा. वळण देताना चहाच्या कपाच्या तोंडाएवढा गोलावा राहील इतके जपावे. टोकात डोळा घालून पाहू नये. प्रकाश अदृश्य असतो, पण असतो. फायबरसोबत आधारासाठी पोलादी तार असेल तर ती घराबाहेरच तोडून बांधावी, नाहीतर विजेला पुन्हा तोच रस्ता मिळतो.

काही केबलचालक एकाच फायबरवरून टीव्हीही देतात. त्यांच्या यंत्राला मागे कोअॅक्सियलचे एक तोंड असते आणि घरातली जुनी केबल तेथून टीव्हीकडे जाते. अशा घरात स्प्लिटरची साखळी केवळ टीव्हीच्या चित्राशी संबंधित राहते, इंटरनेटशी नाही. पण जुन्या घरात खांबावरून आलेली जुनी कोअॅक्सियलही अजून त्याच डबीला लटकत असेल तर ती सोडवून बाहेर काढावी.

राहिला तपासणीचा भाग. जोडणी देणारा माणूस घरात असतानाच संगणकावर मोडेमचे पान उघडावे. बहुतेक केबल मोडेमना १९२.१६८.१००.१ हा पत्ता असतो. तेथे तीन आकडे पाहावेत: येणाऱ्या संकेताची पातळी उणे ७ ते अधिक ७ च्या आत, संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर, आणि जाणाऱ्या संकेताची पातळी साधारण ३५ ते ५० मध्ये. हे आकडे मोडेम थेट आत येणाऱ्या केबलला लावून एकदा आणि स्प्लिटरमागे लावून पुन्हा एकदा लिहून घ्यावेत. दोहोंत साडेतीन-चारपेक्षा अधिक फरक असेल तर घरातील तार, पिना किंवा डबी यांतच दोष आहे. थेट जोडूनही आकडे वाईट असतील तर दोष खांबाकडे आहे आणि तो दुरुस्त करणे केबलचालकाचे काम आहे. आकडे लिहिलेला कागद मोडेमखालीच चिकटवून ठेवावा. पुढच्या तक्रारीच्या वेळी येणारा माणूस दुसरा असेल.